जिन्यातलं टेबल

ता. ९ जून, दुपार

ती. दादास,

धाकटीचा नमस्कार. आम्ही सगळे देवाच्या कृपेने ठीक. ह्यांचा खोकला गेला. खोकल्याबद्दल बोलणं अजून गेलेलं नाही.

कागद पाठकोरा आहे म्हणून रागावू नकोस. एक बाजू कोरी असलेला कागद मला टाकवत नाही, हे तुला ठाऊक आहे. फक्त पत्र वाचून संपेपर्यंत तो उलटून पाहू नकोस.

तुझं पत्र मिळालं. ठकीसाठी वरची खोली रंगवलीस, टेबल आणलंस, वाचून भरून आलं. ते टेबल जिन्याच्या वळणावर अडकलं आणि तू तेव्हापासून अंग चोरत, आडवा होऊन वर-खाली करतोयस, हे वाचून मात्र हसू आलं. हमालांनी हात टेकले म्हणतोस. अरे, आधी मोजायचं नाही का? वहिनी असती तर तिने दुकानातच टेप काढली असती.

आता ठकीच्या गणिताचं. दोन विद्यापीठांनी तिला घेतलं, हे कळवलं होतंच. एक तुझ्या गावचं, दुसरं लांबचं, जिथे आपलं कुणी नाही. मी हिशेबाच्या वहीत दोन रकाने आखले. तुझ्या बाजूला लिहिलं: नाव मोठं, मामाचं घर, खानावळ नको, उशीर झाला तर विचारणारं माणूस. दुसऱ्या बाजूला: हवा चांगली. ह्यांनी चष्मा लावून वाचलं आणि म्हणाले, "हवा इथेही आहे."

तरी ठकी म्हणाली, दोन्ही बघून ठरवू. तुझ्याकडचं आपण तिघांनी बघितलं. ती आपोआप उघडणारी काचेची दारं. मी प्रत्येक दारापाशी थांबून आभार मानत होते आणि तू मला ओळखत नसल्यासारखा पुढे चालत होतास. ते कोटवाले सर किती छान बोलले. ठकीने काहीही विचारावं, उत्तर तयार. परतताना ती खिडकीबाहेर बघत बसली. मला वाटलं, भारावली.

मग लांबचं बघितलं. दादा, काय सांगू. भिंतींना पोपडे, बाकं करकरणारी, वर्गात चिठ्ठी, "पंखा लावू नये, कागद उडतात." शिकवणाऱ्या बाईंच्या कोपरापर्यंत खडू. त्यांनी फळ्यावर काटकोनात वळणारा बोळ काढला आणि विचारलं, ह्यातून न उचलता, नुसता सरकवत नेता येईल असा मोठ्यात मोठा सोफा कोणत्या आकाराचा?

मला राहवलं नाही. उठून म्हणाले, "आधी पाय काढा."

अख्खा वर्ग हसला. ठकी बाकाखाली शिरायच्या बेतात. बाई मात्र म्हणाल्या, "बरोबर. काढले पाय. आता?"

आता काय, मला कुठे ठाऊक? म्हटलं, "तुम्हीच सांगा."

"मलाही नीट ठाऊक नाही," त्या म्हणाल्या. "मोठमोठी माणसं कित्येक वर्षं ह्याच वळणावर अडकलीत."

एवढ्या शिकलेल्या बाई, पाहुण्यांसमोर ठाऊक नाही म्हणतात, आणि चेहरा कसा, तर माहेरी निघाल्यासारखा. ठकी उठली ती थेट फळ्याशी. बाईंनी खडू तिच्या हातात दिला. मग दोघींचं जे जुंपलं, "असं नाही हो बाई", "का नाही? दाखव", त्यात आमची बस गेली. पुढची येईपर्यंत मी पायरीवर जप करत बसले, पण जपात सारखा तो सोफा येत होता. देवाची क्षमा मागितली. दुसऱ्या दिवशी साबणाची वडी दोन डब्यांमधून वळवून बघताना दूध उतू गेलं, ते वेगळं.

घरी येऊन ठकी म्हणाली, "आई, मी मामाकडेच जाते."

मी भांडी घासत होते. विचारलं, "तिथलं आवडलं म्हणून?"

"मामाने टेबल घेतलंय. मामी गेल्यापासून एकटा जेवतो. वाट बघतोय तो."

दादा, इथपर्यंत लिहून मी उठून चहा करून आले. साखर संपत आलीय. आता आणखी काय सांगून वेळ काढू?

ती तुझ्याकडेच निघाली होती. मीच तिला म्हटलं, मामासाठी मामाकडे सुट्टीत जायचं; गणितासाठी गणित असेल तिथे. समोर बसवून लांबच्या प्रवेशाचा फॉर्म भरून घेतला. राग धरायचा तर माझ्यावर धर, पोरीवर नको.

मी म्हटलं, देवाच्या मनात असतं तर टेबल वर गेलं असतं. ठकी म्हणाली, "आई, देवाच्या मनाचा नाही, जिन्याच्या रुंदीचा प्रश्न आहे." पण तुझं पत्र तिने तेव्हापासून जवळ ठेवलंय. त्यातलं जिन्याच्या वळणाचं चित्र तू फार वाईट काढलंयस म्हणते. मापं हवीत.

म्हणून एक विनंती. टेबलाचे पाय काढू नकोस, सुतार बोलावू नकोस, दुकानात परत करू नकोस. आहे तसं राहू दे. पहिल्या सुट्टीत ती टेप घेऊन येणार आहे, आणि तिला स्वयंपाक येत नाही म्हणून मीही. तोवर तुला आडवंच व्हावं लागेल. त्यासाठी जेवण कमी करू नकोस. पोट आत घे.

आता कागद उलटलास तरी चालेल. त्या लांबच्या विद्यापीठाचं माहितीपत्रक आहे; ते एकाच बाजूला छापतात. तुमच्या विद्यापीठाचं इतकं गुळगुळीत, की त्यावर शाईच धरेना.

तुझ्या रागाची वाट बघणारी, आणि पत्राची त्याहून जास्त,
तुझी धाकटी