ताईच्या पायांची मापं

१२ ऑगस्ट, शुक्रवार

तीर्थरूप ताईस,
ठोंब्याचा नमस्कार. आम्ही सगळे बरे आहोत. दुकानाची मागची खिडकी बदलली, शिवणयंत्राला नवा पट्टा घातला. तुझा गुडघा कसा आहे? बूट झिजले की तू कमरेतून वाकतेस, म्हणून आधी तेच विचारतो.

"माझ्या पायांची मापं पाठव, इथला माणूस बूट करून देईल," असं तू दीड महिन्यापूर्वी लिहिलंस. एवढंच. नमस्कारसुद्धा नाही. उत्तराला उशीर झाला, त्याचं कारण सांगतो. पूर्ण वाच, मग काय ते बोल.

बाबांचा जुनाट कॉम्प्युटर आठवतो ना? सुरू होईपर्यंत ते चहा पिऊन यायचे. पंचवीस वर्षांच्या गिऱ्हाइकांचे पाय त्यात होते. तो कधी मान टाकेल याचा नेम नव्हता, म्हणून एका जाणकाराकडून त्याची जशीच्या तशी नक्कल करून नव्या कॉम्प्युटरच्या पोटात बसवून घेतली. व्हर्च्युअल मशीन म्हणतात. सुरू केलं तर बाबांचाच पडदा, त्यांच्याच फायली. मी इतका हुरळलो की त्याच दुपारी जुनं धूड भंगारात दिलं. मापांचा प्रोग्राम उघडून बघायचा राहिलाच.

दुसऱ्या दिवशी उघडला, तर पाटी आली: मशीन बदललं आहे, नवं लायसन्स घ्या, मुदत तीस दिवस. तोवर नुसतं बघायचं, छापायचं नाही. खाली दोन बटणं, 'आत्ता' आणि 'नंतर'.

कंपनीत फोन केला. बाई म्हणाल्या, "लायसन्स वडिलांच्या नावावर आहे, त्यांनाच बोलू द्या."
"ते वारले हो."
"मग जुन्या मशीनवर जाऊन लायसन्स सोडवून घ्या."
भंगारवाल्याकडे धावलो. कॉम्प्युटरचा चुरा झाला होता.

तरी तीस दिवस होते, ताई. तुझी मापं पाच मिनिटांत वहीत उतरली असती. मी रोज तुझं पान उघडायचो. खाली बाबांनी लिहिलेलं, "उजवा पाय पावणेदोन सेंटिमीटर आखूड. मोजताना हसते. पुन्हा मोजणे." वाचायचो आणि बंद करायचो. मापं पाठवली की तुझं या घरात काही काम उरणार नाही, असं वाटायचं. म्हणून रोज 'नंतर'.

बाबा दवाखान्यात होते तेव्हाही हेच केलं. ते म्हणत होते, "ताईला कळव." मी म्हटलं, कळवू, जरा उतार पडू दे. चार दिवस तसेच घालवले. तू पोचलीस तेव्हा सगळं आटपलं होतं. दवाखान्यानं उशिरा सांगितलं, असं मी तुला म्हणालो होतो; पण दोष दवाखान्याचा नव्हता, माझा होता. हे तुला तेव्हाच सांगायला हवं होतं.

परवा मुदत संपली. पाटीवर आता 'नंतर' नाही.

मापं माझ्याकडे नाहीत. पुन्हा घ्यावी लागतील. संध्याकाळी ये, दिवसभर चालून पाय सुजतात, बाबा तेव्हाच मोजायचे. ते कागद घेऊन खाली बसायचे आणि तू तोल जाऊ नये म्हणून त्यांच्या डोक्यावर हात ठेवायचीस. मी तसाच बसेन. डोक्यावर हात ठेवलास तर ठीक, नाही ठेवलास तर भिंत आहेच.

तुझी वाट बघणारा,
ठोंब्या