दावी सोडा

महाड, मंगळवार संध्याकाळ

तहसील ऑफिसातलं सॉफ्टवेअर पुन्हा अपडेट झालं, मला न विचारता. आता काहीही लिहायला घेतलं की कोपऱ्यात तो एआय मदतनीस उगवतो.

सावित्री नदीचं पाणी चढत होतं. तुडील गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपसाठी पुराची नेहमीची सूचना टाइप केली: वर शाळेत जा, निघताना गुरांची दावी सोडा. घाईत त्या मदतनिसाचंच बटण दाबलं गेलं असणार. ग्रुपवर गेलं ते असं: 'नागरिकांनी सुरक्षित स्थळी जावे व पशुधनाची योग्य ती काळजी घ्यावी.' साहेब म्हणाले, आज भाषा छान झालीय!

तेवढ्यात तुडीलच्या सुमनकाकींचा फोन. "काळजी म्हंजे काय रे? बैल बांधूनच ठेवू ना?"

"नाही काकी, दावी सोडा."

"मग तसं लिव ना."

लगेच तसं लिहून टाकलं. मदतनीस विचारतो, मजकूर सौम्य करू का? नको बाबा. मग ज्यांच्याकडे गुरं आहेत त्या सगळ्यांना फोन केले. म्हादूदादांचा तेवढा लागत नाही. त्यांनी सूचना वाचलीय का, ते ग्रुपवर पाहिलं. पहिली वाचलीय. दुसरी अजून नाही.