अकरा तोळ्यांची पावती

लातूर, १२ ऑगस्ट २०००

ती. अण्णांस,
मंजुश्रीचा शि. सा. न. वि. वि.

मी आणि गौरा बऱ्या आहोत. गौरा तिसरीत गेली. पाढे म्हणताना अगदी तुमच्यासारखे डोळे मिटते. तुमची शिवकांता रोज माझ्या मेसलाच जेवते. बारावीचं वर्ष, अन् भाकरी एकच खाते. रत्नम्मावैनींना सांगा, जरा रागवा म्हणून.

आता कामाचं. मी घर सोडून चौदा महिने झाले. संगमेश्वर दुसरीकडे संसार मांडून राहिलेत, म्हणून त्यांना दोघांच्या संमतीनं घटस्फोट पाहिजे. त्याला माझी ना नाही. पण काल त्यांच्या वकिलाचा माणूस स्टँपपेपर घेऊन आला. सगळे दागिने मला मिळाले, पोटगी मी स्वतःसाठी किंवा गौरासाठी कधी मागणार नाही, असं त्यावर लिहिलंय. दहा-बारा दिवसांनी सही न्यायला येतो म्हणाला.

दागिने कुठं मिळाले, अण्णा? भूकंपात त्यांची शाळा पडली, नोकरी गेली, तेव्हा क्लास काढायला माझे अकरा तोळे मोडले. उदगीरला सराफाकडे तुम्हीच सोबत होता. ती पावती बाबांच्या कागदांत तुमच्याकडे आहे. तेवढी पाठवा.

वैनींना नमस्कार. माया असू द्या.
आपली,
मंजुश्री

नांदेड, १९ ऑगस्ट २०००

चि. सौ. मंजुश्रीस,
सिद्धलिंगचे अ. उ. आ.

पत्र पोचलं. सणाच्या तोंडावर कापडाच्या दुकानात पाय ठेवायला जागा नाही, म्हणून उत्तराला उशीर झाला. पावती पाहिली, सापडली नाही. सहा वर्षांचा कागद, कुठं गेला असेल कोण जाणे.

माझं ऐकशील तर सही करून मोकळी हो. कोर्टात बाईमाणसाचे हाल होतात. गौराला घेऊन इकडे ये. भाकरीला कमी पडणार नाही.

संगमेश्वररावांचा फोन आला होता. नीट बोलले. त्यांच्या क्लासात शिवकांताची फी घेतली नाही, हे तुला माहीत आहे. मार्चमध्ये तिची परीक्षा आहे. तोवर तरी वाकडं घेऊ नये, असं मला वाटतं.

वैनीचे आशीर्वाद. खुशाली कळवत जा.
तुझा,
अण्णा

लातूर, २९ ऑगस्ट २०००

ती. अण्णांस,
शि. सा. न. वि. वि.

सही केली नाही. त्या माणसाला चहा पाजून परत पाठवलं.

कोर्टातल्या मोफत कायदा सल्ला केंद्रात गेले होते. बाईला तिथं वकील फुकट मिळतो, तिची कमाई कितीही असो. मला शबाना म्हणून वकीलबाई मिळाल्या. तुमच्या शिवकांतापेक्षा दहाएक वर्षांनी मोठ्या असतील, पण बोलणं मोजकं. त्यांनी आधी स्पष्ट सांगितलं की घर संगमेश्वरांच्या एकट्याच्या नावावर आहे, त्यात अर्धा वाटा मागता येणार नाही. मला वाईट वाटलं, पण खोटी आशा लावली नाही हे बरं वाटलं. माझं सोनं मात्र माझंच. अडचणीत नवऱ्याच्या हाती दिलं म्हणून ते त्याचं होत नाही. पोटगी महिन्याची किंवा एकरकमी ठरवता येते. आणि गौराच्या खर्चाचा हक्क तिचा आहे. तो मी तिची आई असले तरी सोडून देऊ शकत नाही. अर्ज केल्यावर सहा महिने थांबावं लागतं, तेवढ्यात मन बदललं तर संमती मागेही घेता येते.

इकडे ये म्हणालात, त्यात तुमची माया आहे. पण बावीस पोरी माझ्या हातचं जेवतात, अण्णा. मला भाकरी नको आहे, कागद पाहिजे. शिवकांताला मी यात ओढणार नाही.

तुम्ही गिऱ्हाइकांची बिलं दहा-दहा वर्षं सुतळीत ओवून ठेवता. बहिणीचीच पावती कशी हरवली, एवढं एकदा बघा.

लोभ आहेच, तो राहावा.
मंजुश्री

नांदेड, ११ सप्टेंबर २०००

चि. मंजुश्रीस,
अ. उ. आ.

पावती हरवली नव्हती. तुझं पहिलं पत्र आलं त्याच दिवशी सापडली होती. दुकानाच्या गल्ल्यात ठेवून मी तुला खोटं लिहिलं.

महालक्ष्म्यांना शिवकांता घरी आली. संगमेश्वररावांनी तिला ऑफिसात बोलावून सांगितलं होतं की, वडलांना म्हणावं जुने कागद उकरू नका, तुझं वर्ष महत्त्वाचं आहे. पोरगी तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाली, अण्णा, मी फुकट शिकून राहिले असं तुम्ही म्हणता, पण तो क्लास आत्याच्या सोन्यावर उभा आहे. माझ्या ताटातली भाजी संपली होती, रत्नम्मा वाढायलाही उठली नाही.

पावती रजिस्टर पोस्टानं पाठवली आहे. शिवकांताची फी बारा हजार ड्राफ्टनं क्लासला पाठवली, आता आमचं तिथं देणं नाही. सोनं माझ्यासमोर मोडलं, ते पैसे माझ्यासमोर त्यांच्या हातात दिले, हे मी कुठंही सांगायला येतो. शबानाबाईंना तसं कळव.

रागावली असशील तर राग.
तुझा,
अण्णा

लातूर, २२ जून २००१

ती. रत्नम्मावैनींस,
मंजुश्रीचा सा. न. वि. वि.

अण्णा काल रात्रीच्या गाडीनं निघाले. घरी ते काही सांगायचे नाहीत, म्हणून मीच लिहिते.

पावती अन् अण्णांचा जबाब बघितल्यावर संगमेश्वर डिसेंबरात तडजोडीला आले, हे तुम्हाला ठाऊकच आहे. काल अर्जाला सहा महिने पूर्ण होऊन निकाल झाला. अकरा तोळ्यांची आजची किंमत आणि मला एकरकमी पोटगी, दोन्हीचे ड्राफ्ट शबानाबाईंनी आधी हातात घेतले. गौराला ती सज्ञान होईपर्यंत दर महिन्याला दीड हजार. घर गेलं ते गेलंच. त्या अंगणात मी लावलेला कढीपत्ता आठवतो, बाकी काही नाही.

जजसाहेबांनी मला विचारलं, कुणाच्या दबावाखाली तर नाही ना. मी नाही म्हणाले, पण सहीच्या आधी सगळं एकदा वाचू द्या अशी विनंती केली. चार पानं होती. मी बोट ठेवून वाचत होते. संगमेश्वर घड्याळ बघत होते, त्यांची अकराची बॅच होती. कारकून म्हणाला, बाई, वकिलांनी वाचलंय सगळं. माझाही हात घाई करायला लागला. तेव्हा मागं उभे असलेले अण्णा वाकले अन् हळूच म्हणाले, सावकाश वाच. कुणी थांबलं तर थांबू दे.

मग मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं, वैनी. तिथंच सही केली.

गौराकडून तुम्हाला पापा. आठवण ठेवा.
तुमची,
मंजुश्री