दाराच्या आतली रेघ

बाबा, मी ग्राइंडर बंद केला आणि तुम्ही त्या गाडीच्या दाराच्या आतल्या पत्र्यावर तळहात ठेवलात, त्या क्षणी माझं सगळं बदललं. तोवर मी कॉलेज अर्धवट सोडून बहरीनला आलेला, बापाच्या हाताखाली डेंटिंग शिकणारा एक तापट पोरगा होतो. त्यानंतर मी कोण झालो, हे तुम्हाला जाऊन सहा वर्षं झाली तरी कोणाला सांगितलेलं नाही.

सलमाबादच्या आपल्या गॅरेजात रोजच्या ठोकलेल्या गाड्या यायच्या. पुट्टी भरा, घासा, रंग मारा, यल्ला, चला, पुढची घ्या. आणि एका सकाळी सनाबिसचे ते म्हातारे बहरिनी गृहस्थ, ज्यांना आपण सगळेच हाजी म्हणायचो, ट्रेलरवर ती बुटकी ॲल्युमिनियमची गाडी घेऊन आले. शर्यतीच्या गाड्या आखणाऱ्या कुणा इंग्रजाने मध्येच थोड्या स्पोर्ट्स गाड्या केल्या होत्या. तो केव्हाच वारला, गाड्याही बहुतेक आपटल्या नाहीतर भंगारात गेल्या. उरलेल्या मोजक्यांपैकी ही एक. हाजींनी त्या इंग्रजाचा फोटो दिला होता. टायचं टोक शर्टात खोचलेलं, बाह्या वर, तळहात मडगार्डवर. तो तुम्ही हत्यारांच्या फळीवर लावलात आणि खालची इंग्रजी ओळ माझ्याकडून तीनदा वाचून घेतलीत. मग दिवसभर तुमच्या तोंडी तोच. पत्रा हलका कसा ठेवला, वळण कसं काढलं. रंगकाम करणारा हैदराबादी तुम्हाला चिडवायचा, "उस्ताद, ये गोरा तुम्हारा समधी लगता है क्या?" तुम्ही साबण फासलेला पत्रा तापवत असायचात. साबण काळा पडला की पत्रा मऊ झाला, हे मी तुमच्याकडूनच शिकलो. मान वर न करता तुम्ही म्हणायचात, "समधी नहीं रे, उस्ताद है मेरा."

दार उतरवलं तेव्हा आत पेन्सिलची एक रेघ निघाली. कुणा कामगाराने पत्रा कापायला मारलेली, वर काट मारलेली. तिच्याखाली अर्ध्या इंचावर दुसरी रेघ आणि शेजारी त्या फोटोतल्या इंग्रजाच्या नावाची दोन अक्षरं. तुम्ही बॅटरी धरून मला दाखवलंत. "बघ, हयसर चुकला, हयसर तेणी सुधारल्यान. आत कोण बघता? तरी सही केल्यान." चहाला जाताना परत बजावलंत, "बाहेरसून घास. आतल्या अंगाक हात लावू नको."

आणि तेवढ्यात तिचा मेसेज आला. जिच्यासाठी मी वर्गातल्या एकाचे दात पाडले, माफी मागायला सांगितली म्हणून कॉलेजला लाथ मारली, तिचं लग्न ठरलं होतं. 'तू समजून घेशील' असं लिहिलं होतं. मी काय समजून घेणार? समोर दार होतं, हातात मशीन होतं. रोजच्या गाड्यांचा पत्रा आपण आतून-बाहेरून चकचकीत करायचोच, हाताला ती सवय होती. पण सवयीचं नाव सांगून मी सुटणार नाही. मी दार उलटं केलं आणि घासत सुटलो. डोळ्यांतून पाणी येतंय आणि चकती फिरतेय. थांबलो तेव्हा पत्रा आरशासारखा झाला होता.

तुम्ही मारलं नाहीत. मारलं असतंत तर बरं झालं असतं. तळहात फिरवत राहिलात, जणू रेघ बोटांना लागेल. "ह्या काय केलंस मेल्या? तो माणूस मरान किती वर्सा झाली. तेचो हात एवढोच उरललो." मी म्हणालो, मशीनच्या नादात लक्षात राहिलं नाही. तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि मशीन माझ्या हातातून काढून घेतलंत.

संध्याकाळी हाजी आले. इंग्लंडहून कोणी जाणकार गाडी तपासायला यायचा होता, ती रेघच त्याला दाखवायची होती. मी हातभर अंतरावर उभा होतो. तुम्ही पुढे होऊन म्हणालात, "मेरे से हो गया, हाजी. आँख अब बराबर नहीं." हाजींनी दार उन्हाकडे धरलं, खाली ठेवलं, आणि दुसऱ्या दिवशी गाडी गेली. तुम्ही परत बंपर ठोकायला लागलात. चार महिन्यांनी लीव्हवर गावी गेलात ते परत आलाच नाहीत, तिथेच गेलात. मला तुमचा राग येतो, बाबा. तुम्हाला कोणी सांगितलं होतं ते अंगावर घ्यायला? मला दोन शिव्या बसल्या असत्या, मी व्हिसा फेकून गावी गेलो असतो. निदान तुमचे हात तरी त्या कामावर राहिले असते.

काल हाजी गॅरेजात आले. खूप थकलेत. त्या गाडीचा पुढचा मडगार्ड चेपलाय, आणि मला म्हणतात, तूच कर. "तुम्हारा बाबा जेन्टलमन. हाथ नंबर वन. बस, आँख खलास. तुम्हारा काम देखा मैं. तुम्हारे में गलती मफी, बिलकुल नहीं." आज दुपारच्या नमाजानंतर घरी ये, गाडी बघून घे, म्हणाले. अशी गाडी माझ्या हातात पुन्हा कधी येणार नाही, हे मला कळतं. हाजींना खरं सांगितलं तर आजही येणार नाही, हेही कळतं.

शुक्रवार आहे. खोलीतली सगळी पोरं कपडे धुवायला गच्चीवर गेलीत, खाली कोणीतरी मासे तळतंय. हे पत्र कुठे टाकायचं, मला माहीत नाही, वहीतच राहील. रेघ मी पुसली, तुमचे डोळे शेवटपर्यंत चांगले होते, एवढं हाजींना सांगायचंय. मधेच डोकं फिरून काही भलतं बोललो नाही म्हणजे मिळवली. पण एक गोष्ट त्यांना सांगण्यासारखी नाही, ती तुम्हालाच सांगतो. काल ते "आँख खलास" म्हणाले ना, तेव्हा मी गप्प बसलो नव्हतो, बाबा. मी मान हलवली. हो म्हणून.

नमाज सुटायची वेळ झाली. चपला घालतोय. बाहेर पडून दार ओढून घेतो.