ठमीच्या बशीचं झाकण

३ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझ्या आणि ठमीच्या दंडाची कातडी अखेर सत्कारणी लागली! त्या पेशींना उलटं चालवून आम्ही कोऱ्या मूळपेशी केल्या आणि त्यांच्यापासून हृदयाच्या पेशी. प्रयोगशाळेतल्या काचेच्या बश्यांत, सूक्ष्मदर्शकाखाली चक्क धडधडतात. तुझ्या बशीतल्या एका ठेक्यात, ठमीच्या अडखळत, तिच्या छातीसारख्याच. आता तिच्या पेशींवर नवं औषध घालून बघतो. तिला सांग, मामाकडे तुझं चिमूटभर काळीज आहे.

भाऊजींना नमस्कार. लोभ आहेच, तुझ्या आरडाओरड्यासकट राहू दे.

तुझा बाळ्या

१० फेब्रुवारी

चि. बाळ्यास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी रडले, मग हसले. ठमी विचारते, मामा त्या काळजाला गणित शिकवेल का, म्हणजे मला सुट्टी. जिना चढताना तिला आता दोनदा बसावं लागतं. सर्जन म्हणतात, ऑपरेशन महिन्याभरात करा, पुढे हृदय सोसणार नाही. मला धीर होत नाही. तू म्हणशील तसं करू.

आणि बाबा रे, बश्या नीट सांभाळ. मिठाच्या बरणीवर साखरेचं झाकण लावून घरादाराला खारट चहा पाजणारा तू! नावाची चिठ्ठीही झाकणावरच चिकटवायचास.

जेवत जा वेळेवर, मग आमची काळजी कर.

ताई

२ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

औषध लागू पडलं गं! ठमीच्या बशीतला ठोका तीन दिवस घड्याळासारखा पडतोय. ऑपरेशन थांबव. पोरीची छाती कशाला फाडायची? सहा महिन्यांत औषध मिळवतोच, माझं ऐक. आणि बरण्यांवरून चिडवणं आता पुरे.

बाळ्या

१९ जून

ती. ताई,

नमस्कार लिहायलाही हात धजत नाही. औषध घातलं ती बशी तुझी होती. औषध घालण्याआधी पेशींचं खाद्य बदलताना दोन्ही झाकणं काढून ठेवली आणि लावताना अदलाबदल झाली. नावं झाकणांवर होती. बुडावर लिहायची असतात, हे नवशिक्यालाही ठाऊक असतं. तुझ्या निरोगी पेशी नीट धडधडल्या, बस्स. दुसरी बशी तुझी समजून मी परवापर्यंत पाहिलीही नाही, तुझी काळजी नव्हती ना; पाहिली तर ती अडखळत होती. ठमीच्या पेशींवर आता औषध घालून पाहिलं. काही फरक नाही.

आजच सर्जनकडे जा. मग मला जोड्यानं मार.

बाळ्या

२७ जून

बाळ्या,

आशीर्वाद आज लिहवत नाही.

सर्जनकडे जाऊन आलो. उशीर झाला म्हणाले, आता तिला भूलसुद्धा सोसणार नाही. तुझं नाव निघालं की तुझे भाऊजी उठून जातात. मी कुठे जाऊ? तुझी खोड मला ठाऊक होती, तरी पोर तुझ्या भरवशावर ठेवली. तुझा राग येतो, माझा त्याहून जास्त येतो.

ठमीचं अंथरूण खाली आणलंय, जिना सुटला. मामाकडचं माझं काळीज बरं झालं का, असं रोज विचारते. मी हो म्हणते.

ती बशी टाकू नकोस. ठमी गेली की मी बघायला येईन. या वेळी तिचं नाव बुडावर लिही.

ताई