सुभेदाराशेजारची जागा

बाबा, त्या दिवशी तुम्ही मला खुर्ची परत न्यायला लावलीत, ते चूक होते. मेहकरजवळच्या आपल्या घरी तुमच्या पलटणीतले निवृत्त सुभेदार आले होते. ते ओसरीवर खुर्चीत बसले आहेत, आई आत चहा टाकते आहे आणि तुम्ही स्वतःच्या घरात, स्वतःच्या ओसरीवर, खांबालाही न टेकता उभे आहात. फौज सोडून तुम्हाला बराच काळ लोटला आहे. मी शाळकरी मुलगी; शेजारून दुसरी खुर्ची मागून आणते आणि तुमच्या मागे ठेवते. तुम्ही वळूनही पाहत नाही. "साहेब बसले आहेत, दिसत नाही काय तुले? ने ते परत." खुर्ची लोखंडी होती आणि माझ्या हातांना जड होती. शेजारच्या काकू दारातच म्हणाल्या, "इतक्यात झालं बसनं?" त्यांचे ते हसणे मी अद्याप विसरलेले नाही, आणि विसरण्याचा माझा विचारही नाही.

तुम्ही फौजेत स्वयंपाकी होता. कागदोपत्री हुद्दा शिपायाचा, पण बंदूक चालवणारे शिपाई तुम्हाला आपल्यात धरत नसत, हे मला फार लवकर कळले. माजी सैनिकांच्या मेळाव्यात बाकीचे पदके लावून पुढे बसत आणि तुम्ही मागच्या बाजूला पातेल्याशी असायचात. कोणी तुम्हाला तिथे पाठवलेले नसे. तुम्ही आपणहून जात होता. घरी मात्र तुमच्याइतका करारी माणूस मी पाहिला नाही. कढई तापली की नाही हे तुम्ही वरून नुसता तळहात धरून सांगत होता. पोळी एका बाजूने जास्त भाजली गेली तर ती ताटातून उचलून बाजूला काढली जाई आणि आईला दुसरी लाटावी लागे. मी पुढे पदार्थविज्ञान शिकले, शिकवले, आणि विद्यार्थ्यांचे प्रबंध एका चुकीच्या आकृतीसाठी परत पाठवले, तेव्हा लोकांनी मला कठोर म्हटले. ती कठोरता मी आपल्या चुलीपुढे शिकले आणि तिचा मला अभिमान आहे. म्हणूनच विचारते: पोळीत किंचितही खोट न खपवणाऱ्या माणसाने स्वतःच्या बाबतीत एवढी मोठी खोट कशी खपवून घेतली?

निवृत्त झाल्यावर मी बुलढाण्यात 'सोबत' नावाचे काम सुरू केले. नावाप्रमाणेच ते आहे. माजी सैनिक आणि त्यांच्या विधवा यांना दवाखान्यात, बँकेत, हयातीच्या दाखल्यासाठी कचेरीत जायचे असेल तर आमच्यापैकी कोणीतरी त्यांच्यासोबत जातो. डॉक्टर काय म्हणाले ते ऐकतो, न कळलेले पुन्हा विचारतो, परत घरी पोहोचवतो. काम करणारे बहुतेक स्वतःच माजी सैनिक आहेत, काही निवृत्त शिक्षक आहेत. हल्ली जवान निवृत्त होऊन गावी आला की त्याला फुलांनी सजवलेल्या जीपमधून मिरवतात, डीजे लावतात, पुढारी शाल घालतात. मला त्या मिरवणुकीचा राग येत नाही; कीव येते. जीपवरची फुले सुकेपर्यंतच गावाची आठवण टिकते. आमच्याकडेही एक पुढारी शाली आणि नारळ घेऊन सत्काराला येणार होते. मी कळवले की शालींऐवजी त्यांनी एक दिवस एका म्हाताऱ्यासोबत अकोल्याच्या दवाखान्यात बसावे. ते आले नाहीत.

'सोबत'चा पहिला नियम मी स्वतः लिहिला: इथे हुद्दा नाही. ज्याला वेळ आहे, ज्याचे गाव जवळ आहे, तो जाईल. हा नियम तुमच्यासाठी होता, बाबा. अधिक स्पष्ट सांगायचे तर तुमच्याविरुद्ध होता. आणि तो पहिल्याच मोठ्या प्रवासात अडखळला. देऊळघाटचे एक म्हातारे शिपाई आहेत, त्यांना काचबिंदू आहे. एक डोळा गेलेला, दुसऱ्यात थोडी नजर उरलेली. त्यांना तपासणीसाठी अकोल्याला न्यायचे होते आणि सोबतीची पाळी आली एका सुभेदारांची. पुढच्या बैठकीत सुभेदारांनी हकिगत सांगितली ती त्यांच्याच शब्दांत लिहिते. "म्याडम, पूर्ण गाडी रिकामी. मी बसलो. हे काही बसेनात. मी म्हनलं, बैठ भाई. तर म्हनते, 'नहीं साहब, ठीक हूँ.' बोथ्याच्या घाटात दोन खेप माह्या अंगावर पडले, पन बसले नाही."

कोणीतरी विचारले, "मंग हुकूम द्याचा ना साहेब!"

"देल्ला ना. जोरात म्हनलं, बैठ जाओ! तर कंडक्टर बसला."

सगळे हसले. मी हसले नाही. मला ओसरी दिसत होती.

त्यानंतर मागणी आली, आणि ती सुभेदारांकडून आली नाही. ती शिपायांकडून आली. त्यांच्यातला एक जण उठून अदबीने म्हणाला, "म्याडम, पाळ्या हुद्द्याप्रमानं लावा. शिपायासंगं शिपाई, साहेबासंगं साहेब. नाहीतर आमच्यानं येनं होत नाही." मी विचारले, सुभेदारांची काही हरकत नसताना तुमची का? तो म्हणाला, "साहेबानं आमच्यासंगं येनं त्यायचा मोठेपना आहे. पन आमी त्यायच्यासंगं कसं जाव?" खोलीतल्या बहुतेक माना त्याच्या बाजूने हलल्या. सोपे होते. यादीतली नावे इकडची तिकडे केली असती तर सगळे सुखाने आपापल्या पायरीवर बसले असते.

मी नाही म्हणाले. त्यांना वाटले, बाईंचा हट्ट आहे. हट्ट होताच, पण त्यामागे विचार होता, आणि तो मी त्यांना फळ्यावर मांडावा तसा मांडून दाखवला. हुद्द्याप्रमाणे सोबत द्यायची ठरवली तर वरच्या प्रत्येकाला बरोबरचा किंवा खालचा माणूस मिळेल. मग सर्वांत खाली जो आहे, स्वयंपाकी, न्हावी, धोबी, त्याच्यासोबत कोण जाईल? बंदूकवाले शिपाई आजही त्याला आपल्यात धरत नाहीत. त्याच्या खाली तर कोणीच नाही. तो एकटा जाईल.

तुम्ही एकटेच गेलात, बाबा. शेवटच्या आजारपणात पुण्याच्या लष्करी दवाखान्याच्या सगळ्या खेपा तुम्ही एकट्याने केल्यात. मी तेव्हा परगावी शिकत होते आणि तुम्ही आईला मला कळवू दिले नाहीत. आपल्या ओसरीवर बसून गेलेले तेच सुभेदार तुमच्यासोबत यायला तयार होते. आईने मला नंतर सांगितले. तुम्ही हात जोडून म्हणालात, "साहेब, तुमी काऊन तरास घेता?" दवाखान्यातले डॉक्टरही फौजेतले अधिकारीच. ते बोलत असताना तुम्ही ताठ उभे राहून 'जी साहब' म्हणत राहिलात आणि घरी आलात. आईने विचारले, काय म्हणाले? "साहेबायले उलटून कसं विचाराव?" एवढेच तुमचे उत्तर. कोणती गोळी कशासाठी आणि काय झाले तर ताबडतोब परत यायचे, हे तुम्हाला सांगितले गेले असणार. ते ऐकायला दुसरे कान नव्हते. तुम्ही म्हणत होता की ही शिस्त तुम्हाला फौजेने शिकवली. मी हे कधीच मानले नाही. फौजेने तुम्हाला सलाम शिकवला असेल. उभे राहणे तुम्ही आपल्या गावातून शिकून गेला होता.

अकोल्याच्या तपासणीत ठरलेली शस्त्रक्रियेची तारीख देऊळघाटच्या त्या म्हाताऱ्या शिपायांनी टाळली. उशीर झाला तर उरलेली नजरही जाईल आणि गेलेली परत येत नाही, हे डॉक्टरांनी सुभेदारांना बजावले होते. मी त्यांच्या घरी गेले. ते बाजेवर बसले होते, मला पाहून उठले. त्यांच्या बायकोने मला पाणी दिले आणि माझ्यासाठीच साठवून ठेवल्यासारखे बोलायला सुरुवात केली. "डोया गेला तरी चालते, पन साहेबापुढं बसत नाही म्हनते हा मानूस. मंग बस म्हना अंधारात! अंधारात कोन सुभेदार अन् कोन शिपाई, काहीच दिसत नाही."

"तू गप राय," ते म्हणाले. मग मला म्हणाले, "म्याडम, दुसरा शिपाई पाठवा. मी उद्याच निंगतो."

"नाही पाठवणार," मी म्हणाले. "मी येते."

"तुमी? तुमी तर प्रोफेसर."

"मी फौजेच्या लंगरातल्या स्वयंपाक्याची मुलगी आहे. माझा काही हुद्दा नाही."

त्यांनी तुमच्या पलटणीचे नाव विचारले, तुमचे विचारले. तुमच्या हातचे ते कधी जेवले नव्हते, पण तुमच्यासारख्यांच्या हातचे आयुष्यभर जेवले होते. "हाव. मंग चाला," असे म्हणाले खरे. मला वाटले, जिंकले.

बुलढाण्याच्या स्टँडवर खामगावची गाडी लागली; अकोल्याची तिथून पुढे धरायची होती. मागे जागाच जागा. मी आत चढले आणि मागे पाहिले, तर ते दांडा धरून उभे. मी म्हणाले, बसा. "तुमी बसा म्याडम, मी ठीक आहो." स्वयंपाक्याची मुलगी झाली तरी हातात पुस्तक असलेली बाई त्यांच्या दृष्टीने साहेबच होती. मी बसले असते तर ते अकोल्यापर्यंत उभे राहिले असते, आणि मी पुन्हा एकदा रिकामी खुर्ची घेऊन शेजाऱ्यांच्या दारात उभी राहिले असते. मी बसले नाही. मीही दांडा धरला.

कंडक्टर तिकिटे फाडत आला. "काऊन उभे आहा दोघंबी? सीटा काय तुमाले टोचतात?"

"हे बसले की मी बसते," मी म्हणाले.

"अन् तुमी?" त्याने त्यांना विचारले.

"म्याडम बसल्या का बसतो."

कंडक्टरने दोघांकडे पाहिले. "बरं. गाडी खामगावले थांबते. तवरक ठरवा." पुढच्या बाकावरच्या एका बाईने मान वळवून आपल्या सुनेला सांगितले, "पाह्य वं, नवस असन काही."

बोथ्याचे जंगल सुरू झाले आणि वळणेही. माझा उजवा गुडघा वर्षानुवर्षे कुरकुरतो. एका वळणावर तो आतून असा मुरडला की डोळ्यांपुढे पांढरे झाले. मी दांडा सोडला नाही. एका वळणावर मी त्यांच्यावर आदळले, पुढच्यावर ते माझ्यावर. आम्ही एकमेकांकडे पाहत नव्हतो. मला ठाऊक आहे, बाबा, की हे दृश्य हास्यास्पद होते: एका डोळ्याचा म्हातारा आणि केस पिकलेली बाई रिकाम्या बसमध्ये मानासाठी झगडताहेत. असू दे. ज्यांना ते हास्यास्पद वाटते, त्यांना आपल्या घरात उभे राहिलेला बाप पाहावा लागला नसेल.

घाट उतरण्याआधी त्यांनी उरलेल्या अर्ध्या नजरेने माझा पाय पाहिला असावा. ते धपकन खिडकीशी बसले आणि शेजारच्या जागेवर हात आपटला. "बसा आता. बापावर गेल्या, बापावर."

"नाही," मी म्हणाले आणि बसले. "बापावर गेले असते तर अजून उभी असते."

ते खिडकीला आणखी चिकटले. मग म्हणाले, "आपल्या शेजारी कोनी बसलं ना म्याडम, का लय अडचन होते. हात कुठं ठेवाचा तेच समजत नाही." मी म्हणाले, ठेवा मांडीवर. त्यांनी ठेवले.

शस्त्रक्रिया वेळेत झाली. होती तेवढी नजर वाचली. वाढणार नव्हतीच, ते डॉक्टरांनी आधीच सांगितले होते. मी शेजारी उभी राहून सगळे दोनदा विचारले आणि त्यांच्याकडूनही एकदा वदवून घेतले. परत आल्यावर मी नियमात एका वाक्याची भर घातली: ज्याच्यासोबत आपण जातो तो बसल्याशिवाय आपण बसायचे नाही. सुभेदारांनी ते मोठ्याने वाचले आणि म्हणाले, "हे तर ड्रिलच झाली." पुढच्या तपासणीला तेच गेले. बसमध्ये सुभेदार साहेब उभे राहिलेले पाहून देऊळघाटच्या शिपायांना जीव नकोसा झाला आणि गाडी स्टँड सोडण्यापूर्वीच ते बसले. अजूनही ते अंग चोरून, कडेला बसतात, असे सुभेदार सांगतात. माझ्या दृष्टीने ते पुरेसे नाही. पण ते बसतात.

काही शिपाई मात्र 'सोबत' सोडून गेले. निरोप पाठवला, म्याडमच्या राज्यात आमचा जीव गुदमरतो. तुम्ही असता तर त्यांच्यातच असता, हे मला पक्के माहीत आहे. पुन्हा हात जोडून तुम्ही म्हणाला असता, कशाला तरास. तरीही मी नियम बदलला नसता, बाबा. तुमच्या दारात माणूस पाठवला असता. तुम्ही परत पाठवला असता तर दुसरा पाठवला असता, आणि तो सुभेदारच असता. तुम्हाला राग आला असता. येऊ दे. तुमचा राग मी सहन केला असता, पण तुमचे ते उभे राहणे पुन्हा सहन केले नसते. तुमचा मान राखणे म्हणजे तुमचे ऐकणे, असे सगळे मानतात. मी तुमचा मान तुमच्याहून जास्त राखते.

हे पत्र आता पूर्ण झाले आहे. काही शब्द दोन ठिकाणी बदलले, एक वाक्य कापले. पाठवायचे नाहीच, तरी चुकीचे राहू नये. राहता राहिला गुडघा. त्या घाटानंतर तो सुजला आणि परवा मी दाखवायला गेले. डॉक्टरांनी एक्स-रे पाहत विचारले, "सोबत कोण आलंय?" मी ताठ मानेने म्हणाले, "कोणी नाही. लागत नाही." मग ते बराच वेळ बोलले, आणि बाहेर आल्यावर त्यातले निम्मे मला आठवेना. ही गोष्ट मी अजून 'सोबत'मधल्या कोणालाही सांगितलेली नाही.