बाटलीतलं पाणी

४ मार्च
चि. धाकटीस, अ. उ. आ.

हाताची सूज उतरली का? नसेल तर डॉक्टरांना दाखव, अंगावर काढू नकोस. जेलीफिश मेलेली दिसली म्हणून बोटांनी उचललीस, हा शुद्ध आगाऊपणा. पस्तीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलेली बहीण शेजारी होती, विचारायचं तरी! प्राणी मेला तरी त्याच्या दंशपेशी भरलेल्याच असतात. सेकंदाचे दहा लाख भाग केलेस, तर त्यातल्या एकाच्याही आत पेशीतला विषारी काटा सुटतो. हात मागे घ्यायला सवडच नाही. असो.

माया आहेच, ओरडण्याखाली शोध.
तुझी ताई

९ मार्च
ती. ताईस, सा. न. वि. वि.

बोलणी पोचली. सूज ओसरली, पण अंगठा बधिर आहे. चिमट्यात घड्याळाचा स्क्रू धरला की कुठे उडतो कळत नाही. काल रांगत सगळं दुकान शोधलं. गिऱ्हाईक म्हणालं, बाई, व्यायाम चाललाय वाटतं.

तरी तू चटकन बाटलीतलं पिण्याचं पाणी ओतलंस म्हणून एवढ्यावर निभावलं. बावीस तारखेला लेकीची सहल समुद्रावर जातेय. तिच्या पिशवीत तशीच बाटली ठेवलीय. म्हटलं, काही डसलं तर मावशीने केलं तसं कर.

लोभ वाढव, बोलणी कमी कर.
तुझी धाकटी

१३ मार्च
चि. धाकटीस, अ. उ. आ.

आधी ती बाटली काढ. मग पुढचं वाच.

तुझ्या बोटांना चिकटलेल्या तंतूंवर हजारो पेशी अजून सुटायच्या होत्या. गोडं पाणी लागलं की त्या सुटतात. समुद्राच्याच पाण्याने धुवायचं असतं. हे मी दरवर्षी फळ्यावर लिहीत आले. तू किंचाळलीस आणि मी हातातली बाटली उघडली. पाणी पडताच तू पुन्हा किंचाळलीस, तेव्हाच मला कळलं. समुद्र दहा पावलांवर होता. आणि घरी येऊन आगाऊ म्हटलं ते तुला! फोन दोनदा लावला, तुझा आवाज ऐकून ठेवून दिला.

लोभ मागायला तोंड नाही.
ताई

१७ मार्च
ती. ताईस, सा. न. वि. वि.

बाटली ठेवलीच नव्हती. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी विचारलं, गोडं पाणी कोणी ओतलं? मी म्हणाले, मीच. वाटलं, ताई आपणहून लिहील. आली ती बोलणी. मग मात्र डोकं फिरलं, म्हणून मुद्दाम बाटलीचं लिहिलं.

वर ‘रागावले नाही’ असं लिहिलं होतं, ते खोडलंय. डॉक्टर म्हणतात, अंगठा ताळ्यावर यायला दोन महिने लागतील. तोवर रोज दुकानात येऊन बस. चिमटा तू धर, सांगेन मी. स्क्रू उडाला तर रांगायचंही तूच.

सोमवारी दहाला उघडते. उशीर नको.
तुझी धाकटी